महिनाअखेरीसाठी डाळ आणि तेल हवे आहे

सप्रेम नमस्कार.

गरजू घरांसाठी शिधा गोळा करायला मंडळाने सुरुवात केली आहे. धान्याचं पोतं पाठवण्याचा विचार असेल, तर त्याआधी एवढं वाचावं.

हातात पैसा कमी पडू लागला की ताटातले पदार्थ साधारण ठरल्या क्रमाने कमी होतात. आधी फळं, दूध, अंडी जातात, मग भाजी, आणि मग डाळ पातळ होत जाते. धान्य शेवटपर्यंत टिकतं, कारण तेवढ्या पैशात पोट सर्वांत जास्त त्यानेच भरतं. पोट भरलं तरी लोह, जस्त आणि अ जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही. साखर, मैदा आणि स्वस्त तळलेलं खाणं वाढलं, तर एकाच घरात कुणाचं वजन वाढलेलं आणि कुणाला रक्तक्षय, असंही दिसतं. म्हणून अंगकाठीवरून गरज ठरवू नका.

‘जेवलात का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येतं. त्यामुळे यादी करताना आम्ही संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे आठ प्रश्न वापरतो. पहिला, पैशाअभावी अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का. शेवटचा, अख्खा दिवस न खाता काढावा लागला का. काळ मागच्या ३० दिवसांचा. प्रश्न स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला, घरचे बाकीचे जवळ नसताना विचारायचे. स्वतःचं पान आधी तीच कमी करते, आणि चारचौघांत ते सांगत नाही. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर ते घर यादीत सर्वांत वर.

पाच माणसांना दहा दिवस पुरेल असं आमचं माप: डाळ ३ किलो, तेल दीड लिटर, आयोडीनयुक्त मिठाचं एक बंद पाकीट. धान्य २० किलो, पण वेगळ्या पिशवीत आणि ज्या घरात ते संपलंय तिथेच. म्हणजे माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ आणि साधारण २५ ग्रॅम तेल. यातून सुमारे १,८०० किलोकॅलरी मिळतात. आपत्तीतल्या मदतीचं नियोजन माणशी २,१०० धरून करतात, त्यामुळे वरचं भरून काढायला अंडी किंवा शेंगदाणे आले तर फार बरं होईल.

डाळ सालं काढलेली आणि लवकर शिजणारी द्यावी. अख्खी कडधान्यं पौष्टिक खरी, पण ती ८ ते १२ तास भिजवून बराच वेळ शिजवावी लागतात, आणि इंधन संपलेल्या घरात ती डब्यातच राहतात. ‘भाज्या-फळं खा’ हा सल्लाही इथेच अडतो. शीतकपाट नाही, भाजी टिकत नाही, आणि मुलाने नवा पदार्थ टाकून दिला तर त्या वेळचं जेवणच गेलं.

तेल सीलबंद हवं. सुटं तेल सांडतं आणि त्यातली भेसळ ओळखता येत नाही. पाकिटावरची मुदत किमान दोन महिने शिल्लक असावी. ओलसर धान्य घेणार नाही. एका पोत्याची बुरशी आणि कीड शेजारच्या पोत्यांत जाते. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या कृपया आणू नका. अशुद्ध पाण्यात कालवलेली किंवा पुरवण्यासाठी पातळ केलेली पावडर बाळाच्या जिवावर बेतू शकते, शिवाय आईचं दूधही कमी होतं. त्याऐवजी त्या आईसाठी एक जादा पिशवी द्या.

रोख मदत केलीत तर उत्तम, कारण घाऊक खरेदीत तेवढ्याच पैशात जास्त पिशव्या भरतात. पावती जागेवर मिळेल.

वाटप महिन्याच्या विसाव्या दिवसाच्या आसपास, संध्याकाळी होईल. दिवसा रांग लावली तर रोजंदारी बुडते. वजन करायला, पिशव्या बांधायला आणि वृद्धांच्या घरी पोचवायला माणसं हवी आहेत. वजनकाटा असेल तर सोबत आणा. वाटपाचे फोटो काढायचे नाहीत, ही अट देणगीदारांनाही लागू आहे.

नावं आणि सामान मंडळाच्या कार्यालयात १५ तारखेपर्यंत द्यावं.