मेस्त्री, दहापैकी दहा का दिले ते सांगायचं राहिलं

मेस्त्री, नमस्कार.

परवा तुमच्या वर्कशॉपकडून फोन आला होता. गाडीच्या सर्व्हिसला दहापैकी किती गुण द्याल, असं एक मुलगी विचारत होती. मी दहा म्हटलं आणि का ते सांगायला लागले, तर मध्येच 'थँक्यू मॅडम' म्हणून तिने फोन ठेवला. तिला तरी काय बोलणार, दिवसाला ढीगभर फोन करायचे असतील. पण माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी फोनवर मला हे धड बोलता आलं नसतं. म्हणून लिहितेय. चार लोकांसमोर, मुद्दाम.

आम्ही गाडी पाडव्याला घेतली. शोरूमने चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, हातभर लांबीची पुठ्ठ्याची चावी देऊन आमचा फोटो काढला. तिथून थेट प्रभादेवी, सिद्धिविनायक. गाडी माझ्या नावावर आहे, हप्ता माझ्या पगारातून जातो आणि चालवतेही मीच. मी ऐरोलीला हॉस्पिटलात नर्स आहे, पाळ्या बदलत्या, आणि रात्री उशिरा सुटल्यावर मुलुंडला यायचं तर बस-रिक्षाचा काही भरवसा नसतो. हौसेपेक्षा गरज होती.

आणि मग ती मध्येच बंद पडायला लागली. कुठेही आणि केव्हाही नाही हं. हळू वेगात, वळण घेताना, त्यात एखादा ब्रेकर किंवा खड्डा आला की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायचे, स्टिअरिंग जड व्हायचं आणि इंजिन गप्प. पुन्हा चावी फिरवली की जणू काही झालंच नाही. ऐरोली पूल उतरून मुलुंडकडे वळताना तर हे हमखास. मागून हॉर्न, शेजारून शिव्या. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या वेशीवरचा टोल छोट्या गाड्यांना माफ झाला तेव्हा आम्ही किती खूश झालो होतो! आता मला त्या टोलच्या रांगेची आठवण यायला लागली. निदान तिथे उभी राहिलेली गाडी कुणाला वेगळी दिसली नसती. सासूबाई गाडीत बसताना भजनाची वही बरोबर घ्यायला लागल्या. 'वेळ जातो गं,' म्हणायच्या.

जिथून गाडी घेतली त्यांचं नाव घेत नाही. पण तिथली लाउंज काय सांगू तुम्हाला. कॉफीचं मशीन, मोठा टीव्ही, काचेपलीकडे गाड्या. एक मुलगा टॅबलेट घेऊन यायचा, हसून बोलायचा. मी सगळं सांगायचे, तो स्क्रीनवर दोनदा टिचकी मारायचा. संध्याकाळी गाडी धुऊन, पुसून, सीटवर प्लास्टिक घालून परत. जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या कागदावर, लिहिलेलं असायचं 'जनरल चेकअप' आणि त्याखाली 'दोष आढळला नाही'. बंद पडणारी गाडी मी नेत होते आणि चकाचक बंद पडणारी गाडी परत आणत होते. एकदा म्हणाले, कंप्युटरमधला बिघाडाचा कोड क्लिअर केलाय. एकदा म्हणाले, पेट्रोल कुठून भरता? मग म्हणाले, या मॉडेलचं ते कॅरॅक्टरिस्टिक आहे. आणि मग तो नेहमीचा प्रश्न आलाच, मॅडम, क्लच सोडताना घाई होते का? पुढच्या वेळी साहेबांना पाठवता का?

साहेबांना गाडी येत नाही, मेस्त्री. साहेब लोकलने जातात.

वर टेफ्लॉन कोटिंग घ्या, एसी डिसइन्फेक्शन घ्या, इंजिन ड्रेसिंग घ्या. आणि निघताना, कंपनीचा फोन येईल मॅडम, दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह जातो. मी त्याला दहा दिले होते. त्याच्या नोकरीकडे बघून दिले, हे आज सांगते. तो मुलगा मनाने वाईट नव्हता, पण 'मला कळत नाहीये, थांबा, कुणाला तरी विचारतो' हे म्हणायची मुभा त्याला कुणी दिलेलीच नव्हती.

मी एका वकीलबाईंनाही भेटले. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जिल्हा आयोग आहे, १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवता येते, हे सगळं त्यांनी नीट समजावलं. अमेरिकेत वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाड्यांसाठी वेगळे कायदे आहेत, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, पण याच कायद्यात सदोष मालाबद्दल दाद मागता येते, असं म्हणाल्या. मग माझे कागद चाळले आणि चष्मा काढून ठेवला. 'अहो, तुमच्या प्रत्येक जॉबकार्डवर दोष आढळला नाही असंच लिहिलंय. गाडी बंद पडते हे तुमच्याशिवाय म्हणतंय कोण?'

त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी बंद पडते याचं तितकंसं नव्हतं. उद्या मलाच वाटायला लागेल की आपलंच काहीतरी चुकतंय, याची भीती वाटली.

तुमच्याकडे पाठवलं ते आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने. साकीनाक्याला त्याच कंपनीचं दुसऱ्या डीलरचं वर्कशॉप आहे, आत एक वयस्कर मेस्त्री असतात, काउंटरवर बोलू नका, त्यांनाच गाठा, एवढंच तो म्हणाला होता. काउंटरवर तुमच्याकडेही टॅबलेटच होता हो. पण तुम्ही मागच्या दाराने हात पुसत बाहेर आलात आणि विचारलंत, 'ताई, गाडी काय करते?'

काय झालंय, असं तुम्ही विचारलं नाहीत. गाडी काय करते, असं विचारलंत. मी सांगत गेले आणि तुम्ही अधूनमधून विचारत गेलात. एसी चालू असतो का? हेडलाइट? सरळ रस्त्याला कधी झालंय? हायवेला? दिवे आधी जातात की इंजिन आधी? हे शेवटचं मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, दिवे आधी. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, 'चला. तुम्हीच चालवा.'

शोरूमवाले ट्रायलला न्यायचे तेव्हा मी लाउंजमध्ये बसलेली असायचे. दुपारच्या वेळी, रिकाम्या सरळ रस्त्यावर, एसी बंद ठेवून त्यांचा पोरगा चक्कर मारून यायचा. तुम्ही मला चाकावर बसवलंत आणि स्वतः शेजारी बसलात. संध्याकाळची वेळ, साकीनाक्याची गर्दी, मेट्रोच्या खांबांमधून घुसणाऱ्या रिक्षा. शेजारी बसणारे बहुतेक पुरुष ब्रेक दाबल्यासारखा पाय ताणून बसतात आणि वरचं हँडल पकडतात. तुमचे दोन्ही हात मांडीवर होते. एक अक्षर बोलला नाहीत. त्या अर्धवट उखडलेल्या ब्रेकरच्या वळणावर मी चाक पूर्ण वळवलं आणि गाडी बंद पडली.

मला रडू येणार होतं, पण आधी हसूच आलं. एवढा आनंद मला गाडी पहिल्यांदा चालू केली तेव्हाही झाला नव्हता. मागून रिक्षावाले ओरडत होते. तुम्ही म्हणालात, 'चालू करू नका लगेच,' डॅशबोर्डकडे बघितलंत, घड्याळात बघितलंत. मग म्हणालात, 'हां. आता करा.'

वर्कशॉपला परत आल्यावर तुम्ही जे केलंत, ते मी घरी, वॉर्डात, सगळ्यांना सांगून झालंय. तरी इथे पुन्हा सांगते. तुम्ही छापून आलेलं जॉबकार्ड घेतलंत. खिशातलं पेन चालेना, म्हणून तळहातावर घासलंत. मग त्या छापील ओळींखाली, सावकाश, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलंत: 'हळू वळताना ब्रेकर आला की आधी दिवे जातात, मग गाडी बंद पडते.' शब्द न् शब्द माझा. मला वाचून दाखवलंत. 'बरोबर आहे का ताई?' मी हो म्हटलं. त्याखाली लिहिलंत, 'मी स्वतः पाहिले.' तारीख, वेळ, सही. कागदाच्या कोपऱ्यावर तुमच्या अंगठ्याचा ग्रीसचा डाग पडला, तो अजून आहे.

आमच्याकडे केसपेपरवर पेशंटची तक्रार आधी त्याच्याच शब्दांत लिहायची असते. छातीत 'धडधड' म्हणाला तर धडधड, 'मुंग्या' म्हणाला तर मुंग्या. त्याचं निदान मागाहून. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून पेशंटला खोटं ठरवायचं नसतं. नवीन मुलींना मी हे शिकवते. माझ्या गाडीच्या बाबतीत मात्र हे करणारे तुम्ही पहिले भेटलात. त्या तीन शब्दांचं मोल तुम्हाला माहीत नसेल असं नाही. कुणीतरी नंतर तुम्हालाच विचारलं असतं, कशाला लिहून दिलंत, कंपनीवर कशाला ओढवून घेतलंत. तरी लिहिलंत.

बाकी दुरुस्ती काय, ती तुम्ही चहा येईपर्यंत शोधलीत. बॅटरीचा मायनस बॉडीला बसतो तिथे बोल्टखाली कंपनीच्या वायरीबरोबर आणखी एक वायर घुसवलेली होती. 'ही कंपनीची नाही,' म्हणालात. कंपनीच्या वायरीला अशी दुकानातली काळी टेप नसते. ती वायर गेली होती पायाखालच्या निळ्या दिव्यांना, जे शोरूमने 'फ्री ॲक्सेसरीज' म्हणून आमच्या गळ्यात मारले होते. कुणी लावली त्याने बोल्ट नीट आवळलाच नव्हता. पॉवर स्टिअरिंगची मोटर गाडीच्या विजेवरच चालते, हळू वेगात चाक पूर्ण वळवलं की ती सगळ्यात जास्त करंट ओढते, त्यात एसी आणि हेडलाइट, त्यात ब्रेकरचा धक्का. अर्थिंगच ढिलं, मग व्होल्टेज पडतं आणि इंजिनचा कंप्युटर डोळे मिटतो. हायवेला वेगात स्टिअरिंगला फारसं काम नसतं, म्हणून तिथे कधी झालं नाही. हे तुम्ही मला मीटर लावून, चाक वळवायला सांगून, काट्यावर दाखवलंत. मग दहा नंबरची गोटी, म्हणजे बोल्टचा सॉकेट, पॉलिश पेपर, टॉर्क पाना, संपलं. निळे दिवे तोडू का विचारलंत. मी म्हटलं, आधी ते तोडा.

म्हणजे ज्यांनी बिघाड बसवून दिला, तेच मला इतके दिवस विचारत होते, क्लच सोडताना घाई होते का.

मी पाकीट काढलं तर तुम्ही म्हणालात, वॉरंटीत आहे, आणि आत निघूनही गेलात. तुमच्या पोरांनी नंतर सांगितलं की अशा कामात वर्कशॉपला फारसं सुटत नाही, वर मेस्त्री एकेका गाडीवर वेळ घालवतात म्हणून मॅनेजर कुरकुरतो. त्या मॅनेजरसाहेबांनी हे वाचलं तर बरं. साहेब, मी आणि माझ्या वॉर्डातल्या दोघी तुमच्याकडे येणार आहोत, त्या कुरकुरीच्या कारणापायीच.

मुंबईचं स्पिरिट वगैरे मला कुणी ऐकवू नका. २६ जुलै २००५ ला लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, बिस्किटं वाटली, खरं आहे, मीही त्या दिवशी अशाच एका घरात थांबले होते. त्या माणसांना मी विसरणार नाही. पण पूर आला की माणूस चांगला वागतोच. मंगळवारी संध्याकाळी, अंगावर तेलाचे डाग, समोर सात गाड्या उभ्या, वर मॅनेजर, आणि कुणी बघत नाही, तेव्हा पेन तळहातावर घासून एका अनोळखी बाईचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहायचं, हे मला जास्त कठीण वाटतं. अशी माणसं असतात म्हणून हे शहर सकाळी उठून कामाला लागतं. तो बस कंडक्टर, जो उरलेले दोन रुपये लक्षात ठेवून उतरताना हातात ठेवतो. आमच्या ब्लड बँकेतला तो पोरगा, जो लेबल दोनदा वाचतो. यांचे सत्कार होत नाहीत.

सासूबाईंनी भजनाची वही परत देवघरात ठेवलीय. वकीलबाईंना मी तुमच्या सहीचा कागद दाखवला, तर त्या म्हणाल्या, आता शोरूमला नोटीस पाठवू या. पाठवतोय. तुमचं नाव त्यात कुठेही येणार नाही याची मी काळजी घेतलीय.

पुढची सर्व्हिस दहा हजार किलोमीटरला आहे. तुमच्याकडेच आणणार. चकल्या घेऊन येईन, नको म्हणू नका, त्या सासूबाईंच्या हातच्या आहेत आणि त्यांना नकार चालत नाही. फक्त तुमच्या काउंटरवाल्यांना आधीच सांगून ठेवा, इंजिन ड्रेसिंग नको.

तुमची,
मुलुंडची ताई, एमएच ०३ वाली