रिअ‍ॅक्टओएसच्या त्या प्रोग्रॅमर मित्राला, साताऱ्याहून

नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला विचारलेलं नाही म्हणून. पण हे तुमच्यासाठीच आहे, तुम्ही कुणाकडून तरी वाचून घ्यालच. मराठीत लिहितोय कारण आपल्या लोकांनाही कळायला पाहिजे की तुम्ही काय केलंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिअ‍ॅक्टओएस ही फुकट, ओपन सोर्स (जिचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशी) ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि विंडोजसाठी बनलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) सुद्धा तिच्यावर जसेच्या तसे चालावेत हा तिचा हेतू. म्हणजे लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाईन आहे ना, त्याचा बराच कोड हे लोक वापरतात, पण खालचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, स्वतः लिहितात. १९९६ ला फ्रीविन९५ नावाने सुरुवात झाली, तेव्हा नुसतीच चर्चा झाली आणि सगळं थंडावलं, मग १९९८ ला रिअ‍ॅक्टओएस म्हणून पुन्हा उभं राहिलं आणि अजून चालू आहे. इतक्या वर्षांनंतरही ते स्वतःच सांगतात की हे अल्फा, म्हणजे अजून कच्चं, आहे, रोजच्या कामाला भरवशाचं नाही. हा खरेपणा मला फार भावला.

आता आमचं. अण्णांची छोटी प्रेस, लग्नपत्रिका, यात्रेच्या स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल. एका निवृत्त गुरुजींनी गावोगाव फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, त्या अण्णांनी जुन्या डीटीपी (छपाईची पानं जुळवायच्या) प्रोग्रॅममध्ये कंपोझ केलेल्या. गुरुजी गेले, त्यांच्या वह्या घर पाडताना गेल्या, छापलेल्या पुस्तकाची काही सुटी पानं तेवढी आमच्याकडे राहिली. उरली ती फाइल. ती युनिकोडच्या (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये, दुसरीकडे उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुन्या विंडोज एक्सपीचा पीसी बंद पडला आणि नव्या विंडोजवर तो प्रोग्रॅम इन्स्टॉलच होईना.

ज्यांच्याकडून प्रोग्रॅम रोख पैसे मोजून घेतला त्यांनी फोनवर सांगितलं की आता सपोर्ट नाही, नवीन पॅकेज घ्या, आणि जुन्या फाइली त्यात उघडतील का विचारलं तर म्हणे पुन्हा टाईप करून घ्या. अहो कशावरून टाईप करू? एका दुकानदाराने पायरेटेड एक्सपी टाकून देतो म्हटलं, त्याला अण्णांनी हात जोडले. दुसऱ्याने मशीन ठेवून घेतलं आणि महिनाभर फोन उचलला नाही. कुणी फाइल बघायची तसदीसुद्धा घेतली नाही याचा राग अजून गेलेला नाही.

मग तुम्ही भेटलात. रिअ‍ॅक्टओएसवर प्रोग्रॅम उघडला होता पण अक्षरं तुटत होती, म्हणून मी मोडक्या इंग्रजीत कळवलं आणि जुन्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो जोडला. वाटलं होतं उत्तर येणार नाही. आलं. पुढचं सगळं टेक्निकल सांगत बसत नाही, मला धड येतही नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही तुमच्या स्क्रीनचा फोटो पाठवलात, शेजारी माझ्या पानाचा फोटो, आणि दोन्हीकडे लाल गोल काढलेले. विचारलंत, ही वरची कमान पुढच्या अक्षरावर जायला हवी ना, इथे मध्येच कापली जातेय. ती पहिली वेलांटी होती! 'विठ्ठल' मधली. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि तिची कमान स्वतःच्या जागेबाहेर जाते, तेवढाच भाग सिस्टीम कापत होती. तुम्हाला मराठीतलं एक अक्षर वाचता येत नाही, तरी तुम्ही ओळीमागून ओळ नुसते आकार जुळवत बसलात. पुढच्या गोलात रफार होता, तोही बरोबर पकडलेला. अण्णांना दाखवलं तर ते चष्मा पुसून कितीतरी वेळ बघत होते, म्हणाले हा माणूस प्रूफ वाचतोय रे. आमच्या अण्णांच्या तोंडी यापेक्षा मोठं कौतुक नाही.

यात तुम्हाला एक पैसा मिळणार नव्हता आणि तुमच्या ओळखीत ही ओवी गाणारं कुणी नाही. तरी केलंत. नंतर मी तुमच्या प्रोजेक्टबद्दल वाचलं, २००६ ला त्यांच्या कोडमध्ये काही भाग विंडोजवरून उचलल्यासारखा आहे असा आरोप झाला, तेव्हा तो झटकून टाकायच्या ऐवजी त्यांनी स्वतःचा सगळा कोड तपासायला घेतला, आणि जो संशयास्पद वाटला तो नव्याने लिहायचं ठरवलं. यात किती काळ गेला असेल, किती लोकांनी मागे राहिलात म्हणून टोमणे मारले असतील. पण ज्या माणसांना आपलं काम स्वच्छ असावं असं इतकं मनापासून वाटतं, तीच माणसं परक्याच्या वेलांटीसाठी रात्र घालवतात असं मला वाटतं. अशी माणसं जगात आहेत, ती जाहिरात करत नाहीत, म्हणून दिसत नाहीत इतकंच.

आणि शेवटी तुम्हीच बजावलंत, यावर कायमचं विसंबू नका, पानं बाहेर काढा, मूळ फाइलच्या कॉपी दोन ठिकाणी ठेवा. विकणाऱ्याने आम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.

सगळ्या ओव्या बाहेर आल्यात. आता माझी बहीण त्या युनिकोडमध्ये टाईप करतेय आणि अण्णा स्वतः प्रूफ बघतात. पुस्तक पुन्हा छापणार आहोत. आभाराच्या पानावर रिअ‍ॅक्टओएसचं नाव नक्की येणार, तुमचं घालायला परवानगी आहे का आणि घालायचं तर कसं लिहायचं, एवढं कळवा. अण्णा छपाईसाठी थांबलेत.

तुमचा,
साताऱ्याचा प्रेसवाला