आजीच्या मशेरीलाही धूर नव्हता

पुणे,
रविवार दुपार

प्रिय मेधा,

तुझा मुलगा वेप, म्हणजे ई-सिगरेट, ओढतो हे सांगताना काल फोनवर रडता रडता तू मध्येच म्हणालीस, "जाऊ दे, निदान सिगरेट तरी नाही." मी गप्प बसले, कारण दोन वर्षांपूर्वी हेच म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती.

आमच्या चिरंजीवांच्या दप्तरात ते यंत्र सापडलं, तेव्हा मी पेन ड्राइव्ह समजून ते नीट कंपासपेटीत ठेवून दिलं! खोलीत आंब्याचा वास यायचा, तोही नोव्हेंबरात, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. विचारलं तर म्हणाला, "आई, नुसती पाण्याची वाफ असते गं." मलाही ते खरं मानायचंच होतं.

पाण्याची नसते ती. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, स्वाद आणि बहुतेकदा निकोटिन, हे सगळं तापलेल्या तारेवर उडवलेलं असतं. धूर नाही म्हणून आपण निश्चिंत. पण माझ्या आजीच्या मशेरीला तरी कुठे धूर होता? एकादशीला पाण्याचा थेंब न घेणारी ती बाई, डबी रिकामी झाली की मला भर उन्हात दुकानात पिटाळायची. धुराने फुफ्फुसं जातात हे खरं, पण माणसाला बांधून ठेवतं ते निकोटिन.

कॉलेजात गच्चीवर आपण ओढलेला तो एकुलता एक झुरका आठवतो? खोकून खोकून तुझे डोळे लाल झाले होते. त्या ठसक्यानेच आपल्याला वाचवलं. या यंत्रांतल्या निकोटिनमध्ये आम्ल मिसळून त्याचा क्षार केलेला असतो, त्यामुळे ते घशाला झोंबतच नाही. अमेरिकेत गाजलेल्या ज्यूल नावाच्या वेपच्या एका पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या छोट्याशा कुपीत, कंपनीच्याच हिशेबाने, पाकीटभर सिगरेटींइतकं निकोटिन असायचं. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते; या वयात काही आठवड्यांतही तलफ लागू शकते, रोज ओढत नसला तरी.

"बंदी आहे ना, मग मिळतं कुठून?" असं तू विचारलंस. बंदी २०१९ पासून आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात वर्षभर कैद किंवा लाखभर दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी माल येतो, चोरून. आणि चोरून येणाऱ्या मालावर "निकोटिन नाही" असं छापलेलं असलं, तरी ते तपासणार कोण?

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नकोस. घाबरवायला म्हणून मी त्याला 'पॉपकॉर्न लंग'चे, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या आकसण्याच्या आजाराचे, व्हिडिओ दाखवले. त्याने शोधून आणलं, की वेपिंगमुळे तो आजार झाल्याचं एकही प्रकरण सिद्ध झालेलं नाही. बरोबर होतं त्याचं. पुढे महिनाभर माझ्या एका शब्दावर त्याचा विश्वास नव्हता. सिगरेटपेक्षा हे कमी घातक, असंही तो म्हणायचा. जुन्या सिगरेट ओढणाऱ्यापुरतं ते खरंही असेल, पण आपली पोरं कुठे सिगरेट ओढत होती?

सोडताना पहिले दोन-तीन दिवस फार वाईट गेले. दारं आपटणं, अभ्यासात लक्ष नाही, रात्री झोप नाही. मी त्याला उद्धटपणा समजून बोलले, नको ते बोलले. ती शरीराची ओढ होती, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मला कळलंच नव्हतं. तीन-चार आठवड्यांनी त्रास उतरला. मध्ये दोनदा घसरला, पुन्हा सुरुवात केली. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी फुकट क्रमांक आहे, १८००-११-२३५६, तो लिहून ठेव. पण फोन त्याला करू दे.

शनिवारी येते. पुरणपोळ्यांचा घाट घालू नकोस, पिठलं-भाकरी पुरे.

तुझीच,
सुमा

ता. क. लेकाला विचारलं, तुझ्या मुलाशी बोलशील का? म्हणाला, "बोलतो. पण तुम्ही दोघी तेव्हा स्वयंपाकघरात बसायचं, आणि दार लावून घ्यायचं."