ग्रुप टूरला नावं ठेवण्याआधी हे वाच

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

आईने फोनवर "छान झाली टूर, फक्त चालणं फार" एवढंच सांगितलं आणि तुला फोटो पाठवून दिले. त्यावर तुझा लगेच प्रश्न आला, की पुढच्या वर्षी तू आणि अमेय गाडी भाड्याने घेऊन तोच क्रोएशिया-माँटेनेग्रो-बोस्नियाचा भाग स्वतः केलात तर कसं? तुम्हाला म्हणे गाईडच्या झेंड्यामागे चालायचं नाही. याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावणारं नाही, म्हणून बसून लिहितोय. समुद्रकिनारा खुशाल तुमचा तुम्ही करा. सारायेवो आणि मोस्तारला मात्र गाईड घ्याच, आणि जमलं तर एकाहून जास्त घ्या.

आमचा रस्ता क्रोएशियातल्या स्प्लिटपासून सुरू होऊन तिथेच संपत होता. खाली दुब्रोव्हनिक, तिथून माँटेनेग्रोत कोटोर, वर डोंगरात दुर्मितोर, पलीकडे बोस्नियात सारायेवो आणि मोस्तार, मग परत. स्प्लिटबद्दल फार लिहीत नाही. डायोक्लेशियन या रोमन बादशहाच्या राजवाड्यात आज लोकांची बिऱ्हाडं आहेत आणि सतराशे वर्षांच्या भिंतींवर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले असतात. एवढं पाहिलं तरी पोट भरतं.

दुब्रोव्हनिकच्या वाटेवर पेल्येशाट्सचा पूल लागतो. 2022 च्या जुलैत खुला झालेला, केबल-स्टेड (मनोऱ्यांना बांधलेल्या तारांनी तोललेला), 2404 मीटर लांब. पैसा बहुतांश युरोपियन युनियनचा आणि बांधकाम चिनी कंपनीचं. तो बांधायची गरज का पडली ते ऐक. क्रोएशियाच्या किनाऱ्याच्या मधोमध बोस्नियाची वीसेक किलोमीटरची पट्टी समुद्राला टेकते, नेउम नावाची. म्हणजे आपल्याच देशात एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना दोनदा सरहद्द ओलांडायची. आणि ही पट्टी 1699 सालच्या तहातली आहे! दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाला व्हेनिसवाले शेजारी नको होते, म्हणून त्यांनी मधली जमीन तुर्कांना देऊन टाकली. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या शेजारभांडणाची भरपाई म्हणून आज समुद्रात खांब उभे करावे लागले. तू डिझाइनवाली, तुला त्याचे मनोरे आवडतील. मी साइटवाला, मला खाली पाण्यात पाया कसा उतरवला असेल तेच दिसत होतं.

दुब्रोव्हनिक सुंदर आहे आणि गर्दीने वैताग आणतं. बंदरात क्रूझची जहाजं लागली की तटाच्या आत पाय ठेवायला जागा उरत नाही. सकाळी आठच्या आत तटावर चढा, नाहीतर जाऊच नका. तिथल्या गाईडबाई साठीच्या आसपासच्या, कडक. साथीच्या रोगापासून बचावासाठी बाहेरून येणाऱ्यांना वेगळं ठेवण्याचा कायदा याच गावाने 1377 साली केला, हे त्यांनी करोनाचा उल्लेख करून ठसक्यात सांगितलं. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्यांनी आपणहून गोव्याचा विषय काढला. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सांव ब्रास, म्हणजे संत ब्लेझचं चर्च आहे. तोच संत दुब्रोव्हनिकचाही रक्षणकर्ता. तिथल्या लोकांची समजूत अशी की ते चर्च दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांनी बांधलं. ग्रुपमधल्या पणजीच्या काकांनी गवंडाळीला आपली आत्या दिली आहे असं सांगताच बाई इतक्या खूश झाल्या की आमची दहा मिनिटं तिथेच गेली.

मग त्यांनी छपरं दाखवली. तटावरून खाली बघितलं की काही कौलं फिकट, जुनी आणि बरीचशी लालभडक. लालभडक ती बहुतेक 1991 नंतरची. क्रोएशिया युगोस्लाव्हियातून वेगळा होत होता, तेव्हा 6 डिसेंबर 1991 ला युगोस्लाव्ह सैन्याने या जुन्या गावावर तोफा डागल्या. बाई तेव्हा इथेच राहत होत्या. आवाज न चढवता सांगत होत्या, पण "सर्ब आणि माँटेनेग्रोचे" हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच माँटेनेग्रोत होतो. कोटोरचं आखात म्हणजे वरंधा घाटाच्या पायथ्याशी समुद्र आणून ठेवावा तसं. डोंगर सरळ पाण्यात उतरतात. इथला गाईड पंचविशीतला पोरगा. रोमन, व्हेनिस, ऑस्ट्रिया सगळं झाल्यावर त्याने 1979 च्या भूकंपाने गावाचं किती नुकसान झालं ते सांगितलं आणि तिथून थेट आजच्या पर्यटनावर आला. आईने विचारलं, "मधली वर्षं कुठे गेली?" तुला आई माहीत आहे, शाळेत पंचवीस वर्षं इतिहास शिकवलाय, सन गाळलेलं तिला खपत नाही. पोरगा जरा थांबला. मग म्हणाला, दुब्रोव्हनिकला गेलेल्या सैन्यात आमच्याकडचेही होते. 2000 साली आमच्या अध्यक्षांनी त्याबद्दल क्रोएशियाची माफी मागितली. एवढं बोलून तो मांजरांकडे वळला. कोटोरात मांजरं फार.

आईचं मन मात्र त्याच आखातातल्या पेरास्त गावाला अडकलं. गावासमोर एक बेट आहे, माणसांनी बनवलेलं. 1452 साली खडकावर मेरीची तसबीर सापडली म्हणतात, आणि तेव्हापासून दर्यावर्दी लोक तिथे दगड टाकत आले. अजूनही दर 22 जुलैला होड्यांची रांग लावून दगड नेतात. वरच्या चर्चमध्ये एका बाईने पंचवीस वर्षं भरलेलं कशिदाकाम काचेत ठेवलंय. नवरा समुद्रावर गेलेला, ही वाट पाहत बसलेली. देवदूतांच्या केसांसाठी तिने स्वतःचे केस वापरले, आणि सांगतात की काम पुढे सरकतं तसे ते केस पांढरे होत जातात. आई चष्मा काढून काचेला नाक लावून टाके बघत राहिली. टाका इतका बारीक की मला तो रंगच वाटला. बोटवाल्याने दोनदा भोंगा दिला तेव्हा हलली.

आता डोंगर. कोटोरहून लोव्चेन डोंगरावर चढणारा जुना ऑस्ट्रियन घाट पंचवीस वळणांचा आहे आणि प्रत्येक वळणाला नंबर. मोठी बस तिथे चढत नाही, आम्हाला छोट्या गाड्यांनी नेलं. अमेयला गाडी चालवायची हौस असेल तर तो रस्ता त्याच्यासाठीच आहे, पण समोरून गाडी आली की मागे कोण घेणार हे आधी घरी ठरवून जा.

दुर्मितोरकडे जाताना ताऱ्याची दरी लागते. तारा हे नदीचं नाव. दरी 1300 मीटर खोल. तीवर जुर्जेविचा तारा नावाचा काँक्रीटचा पूल आहे. पाच कमानी, एकूण 365 मीटर, मोठा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) 116 मीटरचा, नदीपासून उंची 172 मीटर. 1937 ते 1940 मध्ये बांधलेला, म्हणजे त्या उंचीवर सगळं सेंटरिंग, कमान पक्की होईपर्यंत तिला खालून पेलणारा सांगाडा, लाकडाचं असणार. ग्रुपला अर्धा तास दिला होता. निम्मे स्वच्छतागृहाच्या रांगेत, निम्मे झिपलाइन बघायला. मी पुलाच्या टोकाला याउकोविचच्या स्मारकापाशी उभा राहिलो. लाझार याउकोविच या पुलाच्या कामावरचा इंजिनिअर. 1942 साली इटालियन फौज पुढे येत होती, तेव्हा पार्टिझनांसाठी, म्हणजे त्या फौजांशी लढणाऱ्या गनिमी तुकड्यांसाठी, त्याने स्वतः बांधलेला पूल उडवून दिला. पण नीट विचार करून: एकच कमान पाडली, बाकीचा पूल शाबूत. नंतर इटालियनांनी त्याला पकडून त्याच पुलावर गोळ्या घातल्या. 1946 मध्ये पूल दुरुस्त झाला, कारण दुरुस्त करण्याजोगा ठेवला होता. कुठली कमान काढली तर बाकीच्या उभ्या राहतील, ही आकडेमोड त्याने कशी केली असेल, यावर मला तुझ्याशी एकदा बोलायचंय. कागद-पेन्सिल घेऊन.

ग्रुपमधल्या कुरकुरीचंही सांगतो. पुढच्या रस्त्यात ड्रायव्हरने भर माळावर बस थांबवली आणि पंचेचाळीस मिनिटं हलवली नाही. साडेचार तास चालवल्यावर तेवढी विश्रांती घ्यावीच लागते. बसमधलं यंत्र सगळं नोंदवतं आणि दंड जबर असतो. आमच्यातले काही जण "आपल्याकडे ड्रायव्हर रात्रभर चालवतात" म्हणून अभिमानाने सांगत होते. मी चिवड्याचं पाकीट उघडून गप्प बसलो.

बोस्नियात शिरल्यावर पाट्यांवरची लिपी बदलते. तो भाग सर्बांच्या प्रशासनाखालचा. बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या 1995 च्या डेटन करारानंतर देश एक, आत विभाग दोन आणि राष्ट्राध्यक्षपदावर बोस्नियाक (म्हणजे तिथले मुसलमान), सर्ब आणि क्रोएट असे तिघं, दर आठ महिन्यांनी आळीपाळीने. सारायेवोच्या गाईडने आधी लॅटिन ब्रिजवर नेलं. 28 जून 1914 ला गाव्रिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गोळ्या घातल्या आणि त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं, तो कोपरा. युगोस्लाव्हियाच्या काळात या पुलाला प्रिन्सिपचंच नाव होतं आणि फुटपाथवर त्याच्या पावलांचे ठसे कोरलेले होते. नव्वदच्या दशकातल्या युद्धात ते ठसे गेले. आज तिथे कौतुकाचा शब्द नसलेली साधी पाटी आहे. पण शहराच्या पूर्वेकडच्या सर्ब भागात 2014 साली त्याचा पुतळा उभा राहिला. गाडी घेऊन नुसते गेलात तर तुम्हाला एक पूल दिसेल, फार मोठा नाही, खाली गुडघाभर पाणी. फोटो काढाल आणि कॉफी प्यायला जाल.

विमानतळाखालचा बोगदा चुकवू नका. त्याच युद्धात सर्ब फौजांनी सारायेवोला घातलेला वेढा 1425 दिवस चालला. धावपट्टी संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात, म्हणून 1993 मध्ये तिच्या खालून दोन्ही बाजूंनी खणत आणलं. सुमारे 800 मीटर, फावडी आणि हातगाड्यांवर. उंची दीड-पावणेदोन मीटर, रुंदी एक मीटर. आज थोडासाच भाग चालता येतो. मी वाकून गेलो, दोन्ही खांदे टेकूंना घासले. तळाला छोटे रूळ आहेत, ढकलगाडीसाठी. पुढे त्यातूनच वीज आणि इंधनसुद्धा आत आलं. दोन्हीकडून खणून मध्ये भेटणं किती अवघड असतं ते आमच्या काळच्या बोगदेवाल्यांना विचार. इथे तर वरून तोफगोळे.

आणि मोस्तार. 1566 चा पूल, तुर्की सुलतानाचा वास्तुशिल्पी सिनान याचा शिष्य हायरुद्दीन याने बांधलेला, एकच दगडी कमान, गाळा एकोणतीस मीटरच्या आसपास. दंतकथा अशी की सेंटरिंग काढायच्या दिवशी हायरुद्दीनने स्वतःची कबर खणून ठेवली होती. कमान पडली तर सुलतान मान उडवणार होता. सेंटरिंग काढायच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा न लागलेले इतके जण मी पाहिलेत की मला ती कथा खरीच वाटते. दगड एकमेकांना लोखंडी कड्यांनी जोडून त्यात शिसं ओतलेलं. पुलावरचा दगड पायांनी घासून आरशासारखा झालाय, आडव्या उंचवट्यांवर पाय ठेवत चढावं लागतं. कठड्यावर उड्या मारणारी पोरं उभी असतात. एकाने टोपी फिरवायची, पुरेसे पैसे जमले की दुसऱ्याने अंगावर गार पाणी ओतून घेऊन खाली नेरेत्वा नदीत सूर मारायचा.

9 नोव्हेंबर 1993 ला क्रोएट फौजेच्या तोफांनी तो पाडला. नदीतून काढलेले दगड पुन्हा बसवण्याजोगे नव्हते, म्हणून जवळचाच त्याच जातीचा दगड आणून जुन्या पद्धतीने बांधला आणि जुलै 2004 मध्ये खुला केला. महाडला सावित्रीवरचा पूल 2016 साली पुरात गेला तेव्हा आपण पाण्याचा हिशेब मांडला: विसर्ग किती, पायाखालचं किती खरवडून गेलं. मोस्तारचा पूल ज्याच्यामुळे गेला ते रस्ते-पुलांच्या कुठल्या आयआरसी कोडमध्ये आहे सांग मला.

गाईड नदीच्या पूर्वेकडची, मुसलमान. आमचा बसड्रायव्हर क्रोएट. ती बोलत असताना तो लांब उभा राहून सिगारेट ओढत होता. नंतर चहाला मला म्हणाला, "ती सांगते ते खरं आहे. माझा भाऊ पलीकडे होता, तेही खरं आहे." गाईडनेच सांगितलं की गावातल्या नावाजलेल्या शाळेत एकाच छपराखाली दोन अभ्यासक्रम चालतात, बोस्नियाक मुलांचा वेगळा, क्रोएट मुलांचा वेगळा. आणि 2008 पासून 2020 पर्यंत या गावात नगरपालिकेची निवडणूकच झाली नाही. आपल्याकडे महापालिकांच्या निवडणुका लांबल्या तेव्हा मी पेपर वाचताना किती आदळआपट करायचो, आठवतं?

तर गाईड घ्या तो याच्यासाठी. आणि एकाचं ऐकून उठू नका.

व्यवहाराचं: क्रोएशिया आता शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसाच्या देशांत आहे, तुम्ही बाहेर पडून परत आत याल, तेव्हा मल्टिपल एन्ट्रीचा व्हिसाच मागा. भाड्याच्या गाडीला परदेशात न्यायची परवानगी लेखी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये कोटोरकडे जाताना सरहद्दीवर तासन् तास रांग लागते. जून किंवा सप्टेंबर बघा. माँटेनेग्रोत युरो चालतो, बोस्नियात मार्क. खाण्याचे हाल होत नाहीत: बोस्नियात बुरेक मागितलात तर मांसाचाच येतो, अमेयला चीजची सिर्नित्सा किंवा पालकाची झेल्यानित्सा सांग.

कळावे,
तुझे बाबा

ता.क. सारायेवोच्या बाजारातून आईने कॉफीचं तांब्याचं भांडं आणलंय. मोठं सुरेख आहे, हाताने ठोकून केलेलं. ती तुला ते देणार नाही, मी विचारून पाहिलं.