बाबा, आईची परीक्षा घेणं थांबवा

मडगाव

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

बाबा, ‘काल जेवायला काय होतं, सांग बघू’ असं आईला येता-जाता विचारू नका. काळजीपोटी विचारता, कळतं मला. पण उत्तर अडकलं की ती धास्तावते आणि येणारंही विसरते.

आईचा कोविड साधा होता, ताप घरीच उतरला, त्यातून ही विसराविशी कशी होणार, असं तुमचं म्हणणं. होतं, बाबा. ब्रिटनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांच्या स्मरण-आकलनाच्या चाचण्या घेतल्या, २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. कोविड होऊन पूर्ण बरे झालेल्यांचेही गुण, तो न झालेल्यांपेक्षा थोडे कमी भरले. बुद्ध्यांकाच्या हिशेबात ३च्या आसपास कमी, लक्षणं अजून न गेलेल्यांचे ६च्या आसपास कमी. पण ज्यांची लक्षणं उशिरा का होईना गेली, त्यांचे गुण लवकर बऱ्या झालेल्यांइतकेच निघाले. मी ते वाक्य दोनदा वाचलं. सरासरी म्हणजे आई नव्हे, असं तुम्ही म्हणणारच, गणिताचे मास्तर ना!

आई, खतखत्यात तिरफळं घालायची राहिली म्हणून रडलीस म्हणे. त्यात भाज्याच एवढ्या की धडधाकट माणसाचंही काहीतरी राहावं. मला काळजी वेगळीच आहे. जरा हुशारी वाटली की तू माळा आवरायला घेतेस आणि मग दोन दिवस अंथरूण. या दुखण्यात थकवा बऱ्याचदा लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठतो. म्हणून चांगल्या दिवशीसुद्धा काम अर्ध्यावर सोड. चवथीच्या माटोळीची, गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांची, यादी यंदा कागदावर उतरव, बांधायचं काम बाबांचं.

तरी सगळं कोविडच्या माथी मारायचं नाही. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर, यातलं काही बिघडलं तरी अशीच विसराविशी होते, आणि त्यावर उपचार आहेत. कोविडनंतरच्या या त्रासावर नेमकं औषध अजून नाही, तेव्हा बाबा, स्मरणशक्तीच्या टॉनिकांवर पैसे घालू नका.

सोमवारी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाऊया, मी रविवारी रात्रीच येते. रक्त द्यायचं आहे, सकाळी चहा नको. आईच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ठेवा. शेजारच्या वहिनींनी दिलेली झोपेची गोळीसुद्धा. तिनेही डोकं जड होतं, आई, लपवू नकोस.

तुमची,
बाय