आढावा बैठकीत काय विचारतात?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यात मल्टिस्टेट (एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी संस्था) आणि पतसंस्थांच्या बंद शटरसमोर बसलेल्या ठेवीदारांच्या बातम्या आपण देत आला आहात. संचालकांच्या जमिनी, त्यांच्यावरचे गुन्हे, हेही छापून आलं. काउंटरच्या आत बसणाऱ्यांना यातलं किती आणि किती आधी दिसत होतं, ते मात्र कुठं वाचायला मिळालं नाही. मी एका पतसंस्थेत आधी वसुलीला आणि नंतर शाखाधिकारी म्हणून काम केलं, म्हणून हे पत्र. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही.

सुरुवातीचे सभासद म्हणजे मोंढ्यातले हमाल, शिंपी, भाजीवाल्या, झेडपीचे मास्तर. कारखान्यांचा हंगाम संपला की ऊसतोडीची माणसं गावी परतायची. उचल फिटून हातात काही उरलंच, तर ते खर्चात जिरायच्या आत बायका आमच्याकडे आणून ठेवायच्या. भिंतीवर ‘विना सहकार नाही उद्धार’ असं साध्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. कर्ज समितीत एखाद्या संचालकाच्या मेव्हण्याचा अर्ज निघाला तर ते संचालक आपण होऊन बाहेर जाऊन बसायचे. शिलाई मशीनच्या कर्जालाही दोन जामीनदार लागत, मग शिफारस अध्यक्षांची का असेना.

नवी इमारत झाली. तेच वाक्य सोनेरी अक्षरांत आलं, शेजारी ‘विश्वास, पारदर्शकता, सेवा’ अशी भर पडली. तत्त्वं सोडायचा ठराव कुणीच मांडला नव्हता, तसा कुणी मांडतही नाही. बदलले ते महिन्याच्या आढावा बैठकीतले प्रश्न. आधी अध्यक्ष विचारायचे, थकबाकी किती आणि कुणाची अडचण काय आहे. मग एकच प्रश्न उरला: ठेव किती आणली? शिपायालाही टार्गेट. टार्गेट चुकलं की पगार अडकायचा, म्हणून पोरांनी सासऱ्याची पेन्शन, मामाच्या जमिनीचे पैसे, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम आणली. बँका सहा-सात टक्के देत असताना आम्ही बारा-तेरा देत होतो. आता हिशेब साधा आहे. तेरानं ठेव घेतली तर पगार, भाडं, एजंटचं कमिशन धरून कर्ज सोळा-सतराच्या खाली देता येत नाही. नेटानं धंदा करणारा दुकानदार त्या दरानं कर्ज घेत नाही. घेतो तो, ज्याला दुसरीकडं कुणी उभं करत नाही, किंवा ज्याला फेडायचंच नाही. दुसऱ्या प्रकारात संचालकांचे सोयरे-धायरे आले.

आमच्यातल्या एका लिपिकानं अशाच एका फाइलवर ‘तारण अपुरे’ असा शेरा मारला. त्याची बदली लांबच्या शाखेत झाली. ज्यानं शेरा न मारता फाइल पुढं ढकलली, तो दिवाळीला शाखाधिकारी झाला. संस्था कोणत्या मूल्यांवर चालते हे सगळ्या स्टाफला त्या एका दिवाळीत कळलं. मार्चअखेर आली की थकीत खाती ‘नवं-जुनं’ करून घ्यायची, म्हणजे त्याच माणसाला नवं कर्ज देऊन जुनं भरून टाकायचं. कागदावर थकबाकी गायब. मग जाहिरातीत ‘सतत ऑडिट वर्ग अ’. नामतालिकेतून, म्हणजे मान्य लेखापरीक्षकांच्या यादीतून, लेखापरीक्षक नेमायचा अधिकार वार्षिक सभेचा असतो. नाव कोण सुचवतं हे सांगायला नको.

त्या सभेचंही काय सांगावं! ‘अहवाल वाचला असे समजावे’, ‘मंजूर, मंजूर’, आणि मंडपात जेवणाच्या पंगती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 75 प्रमाणे संचालकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जाचं, परतफेडीचं आणि थकबाकीचं विवरण वार्षिक सभेपुढं ठेवावंच लागतं. आमच्या सभेत ते मोठ्यानं वाचल्याचं मी ऐकलं नाही, आणि सभासदांतून कुणी मागितल्याचंही नाही.

संस्था मल्टिस्टेट झाली की जिल्हा उपनिबंधकांचा, म्हणजे राज्याच्या सहकार खात्याच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांचा, संबंध संपतो, कारभार दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडं जातो. 2023 च्या दुरुस्तीनं सभासदांच्या तक्रारींसाठी सहकार लोकपालाची तरतूद झाली, हे चांगलंच. पण कर्जाच्या फाइली सभासद पाहत नाही, त्या लिपिकाच्या टेबलावरून जातात. त्यानं कुणाकडं जायचं? शटर पडल्यावर संचालक गाव सोडून गेले. पिग्मी एजंटला मात्र त्याच गल्लीत राहायचं होतं. रोज संध्याकाळी ज्या पानटपरीवरून पन्नास रुपये नेले, तिथून तोंड चुकवून जायची पाळी त्याच्यावर आली. लोकांचा राग मी समजू शकतो. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे त्यांना ठेव घेताना कुणी सांगितलंच नव्हतं.

सहकार खात्याला दोन गोष्टी सुचवतो. चाचणी लेखापरीक्षण करायला येणाऱ्या अधिकाऱ्यानं अध्यक्षांच्या केबिनमध्ये चहा घेण्याआधी वसुलीच्या आणि कर्जाच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्यांशी एकेकट्यानं बोलावं आणि मागच्या सहा आढावा बैठकांची इतिवृत्तं मागावीत. दुसरं, कर्ज नाकारण्याचा शेरा मारणाऱ्या कर्मचाऱ्याची वर्षभरात बदली झाली तर तिचं लेखी कारण निबंधकांना कळवण्याची सक्ती करावी.

राज्य कायद्याखालच्या संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत होतात. आपल्या वाचकांपैकी कुणी पतसंस्थेचा सभासद असेल तर त्यानं यंदा कलम 75 चं विवरण आठ दिवस आधी लेखी अर्ज देऊन मागावं आणि अर्जाची पोच घ्यावी.

आपला,
एक निवृत्त शाखाधिकारी, जि. बीड
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)