रंग गेला, पण पाण्यात काय उरले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी प्लाझ्माने, म्हणजे विजेने भारलेल्या वायूने, स्वच्छ करण्याच्या प्रयोगांविषयी वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. एका बाटलीत गडद पाणी, दुसरीत नितळ, असे छायाचित्र छापले की प्रश्न सुटला असे धरून चालतात.

तंत्र मोलाचे आहे, हे आधीच सांगतो. पाण्यालगतच्या हवेत किंवा थेट पाण्यात काही हजार व्होल्टचा डिस्चार्ज (ठिणगीसारखा विजेचा विसर्ग) घडवला की ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय क्रियाशील कण तयार होतात. हे रॅडिकल सेकंदाचा लक्षांशही टिकत नाहीत, पण तेवढ्या वेळात गाठ पडेल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात. बाहेरून रसायने ओतावी लागत नाहीत आणि तुरटीच्या प्रक्रियेसारखा गाळाचा ढीगही साचत नाही. उन्हाला आणि धुण्याला दाद देऊ नयेत म्हणूनच बनवलेले हे रंग जिवाणूंनाही सहसा दाद देत नाहीत, त्यामुळे असा उपाय हवाच आहे.

पण ॲझो नावाच्या प्रकारातल्या कापडरंगांत दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध तुटला की रंग जातो. बेंझिनची कडी मात्र तशीच राहू शकतात. मधल्या टप्प्यावर तयार होणारे काही पदार्थ मूळ रंगाहून विषारी असू शकतात. रंग झपाट्याने उतरतो, एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे पाण्यात उरलेल्या सगळ्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन, मात्र सावकाश घटतो. छायाचित्रात हा कार्बन दिसत नाही.

शिवाय बरेच प्रयोग शुद्ध पाण्यात एकच रंग विरघळवून केलेले असतात. खऱ्या सांडपाण्यात भरपूर मीठ असते. पाण्याची विद्युतवाहकता त्याने वाढते आणि पाण्यात डिस्चार्ज घडवणे अवघड होते. क्लोराइड आणि कार्बोनेट तर रॅडिकल मध्येच गिळून टाकतात. डिस्चार्ज हवेत केला तर नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल बनून पाणी आम्लधर्मी होते, तेही पुढे सुधारावे लागते.

माझ्या मते प्लाझ्माने सगळे काम एकट्याने करावे हा हट्टच चुकीचा आहे. त्याने मोठे रेणू फोडून द्यावेत आणि उरलेले जिवाणूंच्या टाकीवर सोपवावे. विजेचा खर्चही त्यामुळे आटोक्यात राहील. तेव्हा यापुढे अशी बातमी देताना सेंद्रिय कार्बन किती घटला, एका किलोवॅट तासात किती ग्रॅम रंग नष्ट झाला आणि प्रक्रियेनंतरच्या पाण्याची विषारीपणाची चाचणी झाली का, एवढे संशोधकांना विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक